४१८३२०७ नंबरची दोन माणसं

“मॅडम, ह्या मुलाची जांभळ्या झाकणाची नळी माझ्याकडे आलेलीच नाही. मग एचबीएवनसीचा रिझल्ट आला कुठून?”

सप्टेंबर २०१९, रात्रीचे साडेनऊ. फोनवर नागपूरच्या लॅबमधल्या ताई होत्या. नऊ वर्षांचा मुलगा, तापाने फणफणलेला, डॉक्टरांनी डेंग्यूची एनएस१ लिहून दिलेली. त्या तपासणीसाठी ताई पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायच्या. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी. तिला ईडीटीए घातलेली जांभळ्या झाकणाची नळी लागते. ताईंसमोरच्या स्टँडमध्ये मुलाची एकच पिवळी नळी उभी होती. स्क्रीनवर मात्र त्याच्या नावाखाली दोन तपासण्या दिसत होत्या, आणि साखरेची तर पूर्णही झालेली: ८.९ टक्के. ताईंनी रिपोर्ट अडवून धरला आणि मला फोन लावला. त्या रात्री त्यांनी नळी आणि स्क्रीन ताडून पाहिली नसती, तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करते.

मी तेव्हा पुण्यात बसून एका पॅथॉलॉजी लॅबच्या साखळीचा डेटाबेस सांभाळत होते. मुख्य सर्व्हर पुण्यात, त्याची हुबेहूब प्रत, म्हणजे रेप्लिका, नागपूरला. सगळी केंद्रं नोंदणी पुण्याच्या सर्व्हरवर करायची आणि ती ओळ काही सेकंदांत नागपूरला उमटायची. नळीवर जो नंबर चिकटतो तो मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ऑटो इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप एकेक वाढणारा: आधीचा ४१८३२०६ असेल तर पुढचा ४१८३२०७. पहिल्या दिवसापासून तसंच चाललं होतं आणि त्यात काही बिघडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दुपारी पुणे-नागपूर लाइन तुटली. विदर्भातल्या केंद्रांवर माणसं रांगेत उभी, बाह्या वर केलेल्या, आणि नोंदणी होईना. ड्युटीवरच्या सहकाऱ्याने नागपूरच्या प्रतीवर लिहायची परवानगी उघडली आणि विदर्भाची केंद्रं तिच्याकडे वळवली. माणसांची सोय झाली. पण पुण्याचा सर्व्हर काही बंद नव्हता. तो सातारा, सांगली, कोल्हापूरच्या नोंदी घेतच होता. ४७ मिनिटं दोन्हीकडे शेवटचा माहीत असलेला आकडा एकच होता आणि दोघंही त्याच्यापुढे एकेक मोजत होते.

लाइन परत आली तेव्हा नागपूरची प्रत पुण्याच्या साठलेल्या नोंदी ओढायला लागली आणि पहिल्याच नोंदीला अडखळली. एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री. प्रतीचं काम तिथंच थांबलं. अशा वेळी काय करायचं हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं: अडलेला व्यवहार, म्हणजे ती एक नोंद, गाळा, त्यासाठी स्किप काउंटर नावाचं सेटिंग एकने वाढवा, पुढे जा. सहकाऱ्याने तेच केलं, पुन्हा अडलं की पुन्हा तेच. शेवटी एरर थांबल्या, प्रत बरोबरीला आली, हिरवा दिवा लागला.

आता नेमकं काय झालं ते सावकाश सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात घातक भाग हाच आहे. पुण्यात ४१८३२०७ म्हणजे साताऱ्याच्या ५४ वर्षांच्या एक बाई. नागपूरला ४१८३२०७ म्हणजे हा मुलगा. बाईंच्या नोंदणीचा व्यवहार नागपूरला अडला, कारण तो नंबर तिथं आधीच होता. तो गाळला गेला. संध्याकाळी पुण्याच्या मशीनवर बाईंच्या साखरेचा रिझल्ट आला. रिझल्टच्या टेबलात किल्ली, म्हणजे दोनदा येऊ न शकणारी खूण, होती नळीचा नंबर अधिक तपासणीचा कोड. नागपूरला ४१८३२०७ खाली एनएस१ होती, एचबीएवनसी नव्हती. म्हणजे टक्कर नाही, म्हणजे एरर नाही. रिझल्ट गुपचूप मुलाच्या नावाखाली जाऊन बसला. जिथं टक्कर झाली तिथं डेटाबेसने आरडाओरडा केला होता, आणि तो ओरडा आम्ही गाळून टाकला. जिथं टक्कर झाली नाही तिथं तो काहीच बोलला नाही.

दोन्हीकडचे त्या ४७ मिनिटांतले नंबर काढून जोड्या लावल्या. नागपूरला ९६ नोंदी झाल्या होत्या, आणि ९६च्या ९६ नंबरांवर पुण्यात दुसरं माणूस होतं. त्या सगळ्यांचे रिपोर्ट दोन्हीकडे थांबवले. नागपूरच्या ९६ नोंदींना पार वरचे, ९०००००१ पासूनचे नंबर द्यायचं ठरवलं, म्हणजे पुण्याच्या मोजणीशी त्यांची गाठच पडणार नाही. टेबलांमधले नंबर बदलायला अर्धा तास लागला. नळ्यांवरचे बदलायला रात्र लागली. मी स्पीकरवर होते. ताई एक नळी उचलून नाव, वय, जुना नंबर मोठ्याने वाचायच्या. मी स्क्रीनवर पाहून नवा नंबर सांगायचे. त्यांच्याबरोबरचा मुलगा त्या नंबरचं स्टिकर काढून परत मला वाचून दाखवायचा, आणि मग ताई ते जुन्या नंबरावर असं बसवायच्या की हाताने लिहिलेलं नाव उघडं राहावं. नंतर स्कॅनर. बीप. पुढची नळी. पावणेतीनला ९६वी झाली. ताई म्हणाल्या, “आता परत असं होऊ देऊ नका हो,” आणि फोन ठेवला. रागाचा सूर नव्हता, म्हणूनच तो मला जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला: “पुण्याचं आरटीओ गाडीला नंबर देताना नागपूरला फोन करून विचारतं का?” विचारत नाही. एमएच १२ पुण्याचं, एमएच ३१ नागपूरचं. पुढचे चार आकडे दोन्हीकडे तेच निघाले तरी गाड्या वेगळ्याच राहतात, कारण नंबर कुठे जन्मला ते नंबरातच लिहिलेलं असतं. आमच्या नंबरात ते नव्हतं.

तातडीचा उपाय मायएसक्यूएलमध्येच होता. मोजणी कितीच्या उडीने चालावी आणि कुठून सुरू व्हावी हे प्रत्येक सर्व्हरला सांगता येतं. एकाने विषम आकडे घ्यायचे, दुसऱ्याने सम. दोन मास्टर, म्हणजे नोंदी घेणारे दोन सर्व्हर, ठेवणारे सर्रास असंच करतात. मी मात्र उडी दोनची न ठेवता दहाची ठेवली: पुण्याचे आकडे १ ने संपणारे, नागपूरचे २ ने. कुणीतरी म्हणालं, सर्व्हर दोन आणि उडी दहाची, वाया जातील की आकडे. जाऊ देत. उद्या तिसरा सर्व्हर आला आणि उडी दोनची तीन करायची वेळ आली, तर ती सगळीकडे एकाच क्षणी बदलावी लागते. पुण्यात तीनची उडी सुरू झाली, १, ४, ७, १०, आणि नागपूर अजून दोनवरच असलं, २, ४, ६, ८, १०, तर चारवर आणि दहावर पुन्हा तीच गाठ. दहाच्या उडीत आठ जागा पुढच्यांसाठी मोकळ्या राहिल्या. आकड्यांची चणचण म्हणाल तर आमच्या रकान्याचा प्रकार बिगइंट, त्यात ९२ हजार कोटी कोटी मावतात; जुन्या, लहान इंटच्या २१४ कोटींत असतात तर मीही विचार केला असता.

टक्कर थांबली. पण आठवडाभरात दोन नवीन तक्रारी आल्या, आणि त्यांनी मला जे शिकवलं ते टक्करीने शिकवलं नव्हतं.

पहिली नागपूरहून: काही रुग्णांना ‘रिपोर्ट तयार आहे’ हा एसएमएस जातच नाही. शोधलं तर एसएमएस पाठवणारा प्रोग्राम दर मिनिटाला विचारायचा, “मी शेवटचा पाहिलेला नंबर अमुक, त्याच्यापुढचे द्या.” एकच मोजणारा होता तोवर हे बरोबर होतं. आता पुण्याचा ...५१ आधी दिसायचा आणि नागपूरचा ...४२ लाइनवरून रखडत दोन मिनिटांनी यायचा. प्रोग्राम तोवर ५१च्या पुढे गेलेला. ४२ त्याच्या लेखी कधी जन्मलाच नाही. मोठा नंबर म्हणजे नंतरचा, हे आम्ही कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, पण निम्म्या प्रोग्रामांनी ते गृहीत धरलं होतं.

दुसरी तक्रार हिशेब विभागाकडून. पावतीवरही तोच नंबर छापला जायचा. “दहा-दहाच्या उड्या दिसतायत. मधल्या नऊ पावत्या कुठे आहेत?” त्यांचा प्रश्न रास्त होता. ऑडिटरला सलग क्रमांक लागतात, आणि मधला क्रमांक गायब असला की त्याला पैसे गायब झाल्याचा वास येतो. खरं तर ऑटो इन्क्रिमेंट आधीही सलग नव्हतंच. व्यवहार अर्धवट राहून मागे फिरला की त्याने घेतलेला आकडा परत येत नाही. खड्डे छोटे होते म्हणून दिसले नव्हते.

तेव्हा उमगलं की आम्ही एकाच आकड्याकडून तीन कामं करून घेत होतो. हा नमुना कुणाचा, ही ओळख. कुणाच्या नंतर कोण, हा क्रम. एकूण किती झाले, ही मोजणी. सर्व्हर एक असतो तेव्हा तिन्ही कामं एका आकड्यात आपोआप बसतात, आणि म्हणूनच ती तीन आहेत हे कळत नाही. सर्व्हर दोन झाले की ती वेगळी होतात, तुम्ही केलीत तरी आणि नाही केलीत तरी.

मोजणी सगळ्यात सोपी निघाली. पावतीला स्वतःचा क्रमांक दिला, केंद्रागणिक वेगळी मालिका. जीएसटीचे नियमही एकापेक्षा जास्त मालिका चालवू देतात. क्रमांक आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये आणि १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा, एवढं पाळायचं. केंद्राची तीन अक्षरं, तिरकी रेघ, १९-२०, पुन्हा रेघ, सहा अंक. मोजून सोळा. हिशेब विभाग खूश. क्रमासाठी नोंदीची वेळ आणि पोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने ठेवले, आणि एसएमएसचा प्रोग्राम ‘कुणाला पाठवलेला नाही’ या खुणेवर चालायला लागला.

राहिली ओळख. दहाच्या उडीवर आम्ही निभावून नेलं असतं, पण गडचिरोली आणि नंदुरबारकडच्या केंद्रांना इंटरनेट नसतानाही नोंदणी करायची होती. तिथं विचारायला कुठलाच सर्व्हर नाही. फ्लिकर या फोटोंच्या साइटवाल्यांनी २००६ पासून चालवलेली युक्ती मला फार आवडायची: नंबर देण्याचं काम दोन साध्या मायएसक्यूएल सर्व्हरांना, एकाकडे सम, एकाकडे विषम, बाकी सगळ्यांनी त्यांच्याकडून चिठ्ठी घ्यायची. सुटसुटीत आहे. पण चिठ्ठी मागायला लाइन लागते, आणि आमचं सगळं दुखणंच लाइनचं.

मग यूयूआयडी, म्हणजे कुठेही तयार केली तरी वेगळीच निघावी अशी लांबलचक ओळख. १२८ बिट, चौथ्या प्रकारात त्यातले १२२ निव्वळ यादृच्छिक. कुणालाही न विचारता तयार करा, टक्कर होण्याची भीती धरायचं कारण नाही. डेटाबेसच्या एका प्रतीवर लावून पाहिलं. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, ओळी प्राथमिक किल्लीच्या क्रमाने रचते, १६ केबीच्या पानांत. किल्ली चढत्या क्रमाने आली की नवी ओळ शेवटच्या पानावर जाते. यादृच्छिक आली की कुठल्याही पानात घुसते, भरलेलं पान दुभंगतं, आणि ती ३६ अक्षरांची किल्ली प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्येही उतरते. आमचं टेबल चांगलंच फुगलं. तरीही माझं मत त्याने ठरलं नाही. ठरलं ते नळीने.

आमची नळी १३ मिलिमीटर जाड आणि ७५ लांब. बारकोड तिच्या लांबीला समांतर लावावा लागतो, आडवा लावला तर गोलाईवर वळतो आणि स्कॅनरला अर्धाच दिसतो. कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात एका अक्षराला ११ बारीक पट्ट्यांएवढी जागा लागते, शिवाय सुरुवात, तपासअंक आणि शेवट मिळून ३५. म्हणजे ३६ अक्षरांना ४३१. एक पट्टी पाव मिलिमीटरची धरली तर बारकोड जवळजवळ १०८ मिलिमीटर, नळीपेक्षा लांब. याच कोडमध्ये नुसते अंक असले तर एका जागेत दोन मावतात. २० अंकांना १४५ पट्ट्या, म्हणजे साधारण ३६ मिलिमीटर. आमच्या ५० मिलिमीटरच्या स्टिकरवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून आरामात बसतं. मोजपट्टी घेऊन बसल्यावर अर्ध्या तासात निकाल लागला: ओळख अंकीच हवी आणि ६४ बिटांत मावणारी हवी.

ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक नावाने मांडलेली रचना इथं चपखल बसली. ४१ बिट वेळेचे, मिलिसेकंदांत. १० बिट मशीन क्रमांकाचे, म्हणजे १०२४ मशीन. १२ बिट त्या मिलिसेकंदातल्या क्रमाचे, म्हणजे ४०९६. एकेचाळीस बिटांत जवळपास ६९ वर्षं मावतात. आम्ही आमचा शून्यक्षण, म्हणजे जिथून वेळ मोजायची तो क्षण, १ जानेवारी २०१९ धरला. आकडे साधारण वेळेच्या क्रमाने चढते राहतात, त्यामुळे इनोडीबीही सुखी. आणि मधले १० बिट म्हणजे एमएच १२ आणि एमएच ३१ च.

नोव्हेंबरात चाचणी सुरू केली तर पहिल्याच दिवशी ‘नमुना सापडत नाही’. डेटाबेसमध्ये ११३२४६७२५८१२००६९१२, ब्राउझरच्या पडद्यावर ११३२४६७२५८१२००६९१०. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पडद्यावर प्रत्येक आकडा शून्यानेच संपत होता. ब्राउझरमध्ये चालणारी भाषा जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक हमखास अचूक धरत नाही, आणि आमचे आकडे त्याच्या कितीतरी पुढचे. वाईट म्हणजे एकाच मिलिसेकंदात जन्मलेले दोन नमुने, ज्यांच्यात एकाचाच फरक, ते पडद्यावर एकच होत होते. ज्या रोगावर औषध शोधत होतो तोच रोग दारातून पुन्हा आत. सर्व्हरकडून पडद्याकडे जाणारा हा क्रमांक सगळीकडे मजकूर म्हणून पाठवायचा, संख्या म्हणून नाही, असा नियम केला आणि तीन दिवस एकेक पान तपासलं.

मशीन क्रमांकाचंही असंच. नवा सर्व्हर जुन्याच्या इमेजवरून, म्हणजे जशाच्या तशा नकलेवरून, उभा केला की त्याच्या सेटिंगमध्ये जुन्याचाच क्रमांक येतो, आणि मग एकाच नंबरप्लेटची दोन कार्यालयं. म्हणून क्रमांक सेटिंगमधून काढून एका नोंदवहीत ठेवला. तिथं आपलं नाव सापडलं नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही.

घड्याळाने मला सगळ्यात जास्त छळलं. ही रचना घड्याळ पुढेच जातं या विश्वासावर उभी आहे. सर्व्हरवर घड्याळ मागे सरकलेलं दिसलं की नंबर देणं थांबवता येतं. पण गडचिरोलीच्या टॅबलेटची बॅटरी पार उतरली, तो पुन्हा सुरू झाला आणि घड्याळाने भलतंच साल दाखवलं, तेही इंटरनेट नसताना, तर काय करायचं? रुग्णाला सांगायचं की घड्याळ बरोबर होईपर्यंत थांबा?

याचं उत्तर मला रक्तदान शिबिरात मिळालं. रक्त देऊन पडून होते आणि बाजूला टेबलावर नर्स एका कागदावरून छापील स्टिकर सोलत होती. एकच नंबर, अनेक स्टिकरं: एक पिशवीवर, एक तपासणीच्या नळीवर, एक फॉर्मवर. नंबर कुणी तिथं तयार करत नव्हतं. तो माझ्या आधीच शिबिरात येऊन पोचला होता. घरी येऊन वाचलं तर रक्ताच्या पिशव्यांच्या आंतरराष्ट्रीय आयएसबीटी १२८ पद्धतीत हीच रचना आहे: पाच अक्षरं केंद्राची, दोन अंक वर्षाचे, सहा अंक अनुक्रमाचे. कुणीही कुणाला न विचारता, जगभर वेगळा.

तेव्हा दूरच्या केंद्रांवर नंबर तयार करायचाच नाही असं ठरवलं. पुण्यात आधीच नंबर काढायचे, ५०० स्टिकरांचा रोल छापायचा आणि पार्सलने पाठवायचा. रक्त घेतलं, स्टिकर लावलं, टॅबलेटने स्कॅन केलं. टॅबलेटचं घड्याळ चुकलं तर नोंदीची वेळ चुकेल, माणूस चुकणार नाही. वापरलेला नंबर दुसऱ्यांदा स्कॅन झाला तर टॅबलेट जागीच अडवतो.

आज नव्याने करायला घेतलं असतं तर डेटाबेसच्या आत कदाचित यूयूआयडीचा सातवा प्रकार घेतला असता. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट-मानकात तो आला; त्याचे पहिले ४८ बिट वेळेचेच आहेत, त्यामुळे पानं दुभंगण्याचं दुखणं बरंचसं जातं. पण नळी अजूनही ७५ मिलिमीटरचीच आहे.

स्टिकरवर आम्ही पहिल्यापासून २० अंक छापतो, पुढे शून्यं लावून. आकडे सुरुवातीला १८ अंकी होते. आमच्या शून्यक्षणापासून हिशेब केला तर २०२६ च्या जुलैत ते १९ अंकी होतात. कुठल्यातरी कोपऱ्यातला प्रोग्राम १८ अंक मोजून पुढचं कापत असेल, ही शंका मला सोडेना. म्हणून नवी प्रणाली सुरू व्हायच्या आदल्या रात्री चाचणी सर्व्हरचं घड्याळ ऑगस्ट २०२६ वर नेलं, एक नमुना नोंदवला आणि नागपूरच्या प्रिंटरवर स्टिकर पाठवलं. ताईंनी ते एका रिकाम्या नळीवर लावलं आणि फोन स्कॅनरजवळ धरला. बीप ऐकू आली. मग त्या विसाच्या वीस अंक मोठ्याने वाचू लागल्या आणि मी पुण्यात पडद्यावर बोट ठेवून एकेक जुळवत गेले.